माठात मुलतानी मिट्टी टाकावी का?

बिर्लानगरातल्या एका भगिनींनी विचारलंय, "बोअरच्या पाण्यात शिसं असेल, तर माठात मुलतानी मिट्टी टाकली तर चालेल का?" माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण त्यांच्या प्रश्नात शास्त्र आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुलतानी मिट्टीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पातळ थरांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे सोडियम, कॅल्शियमचे धन आयन तिथे सैलसर बसलेले असतात. पाण्यातलं शिसं किंवा कॅडमियम आलं, की ते उठतात आणि शिसं ती जागा धरतं. झिओलाइट नावाच्या खनिजांचं कामही असंच. पुणे, नाशिक, जळगावकडच्या काळ्या दगडाच्या खाणींत झिओलाइटचे देखणे स्फटिक निघतात. त्यातला स्टिल्बाइट तर फिकट गुलाबी, पेंढीच्या आकाराचा. पाण्यासाठी मात्र जगभर क्लिनोप्टिलोलाइट हा प्रकार जास्त वापरतात. इंग्लंडात सेलाफील्डच्या अणुप्रकल्पात १९८५ पासून सांडपाण्यातलं किरणोत्सारी सीझियम त्यानेच पकडतात.

आता खरी गोम. आर्सेनिक आणि सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात बहुधा ऋणभारित असतात किंवा भाररहित. त्यांना ही माती हातही लावत नाही. तिथे लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं लागतात, म्हणजे आपला कोकणातला जांभा! खरगपूरच्या आयआयटीने प्रक्रिया केलेल्या जांभ्याची आर्सेनिक-गाळणी तयार केली आहे. थोडक्यात, पाण्यात कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय खनिज निवडणं म्हणजे रोग न तपासता औषध घेणं.

आणि माठातली माती? तिचे बारीक कण सहज तळाशी बसत नाहीत. शिसं चिकटलेले कणच पोटात जायचे. बोअरचं पाणी जड असेल, तर त्यातलं कॅल्शियमच बरीचशी जागा अडवतं. शिवाय चेहऱ्याला लावायच्या पुडीत काय काय असतं, ते दुकानदारालाही माहीत नसतं. पाणी उकळून जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. तुरटीवरही भिस्त ठेवू नका.

पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यात नळातलंही शिसं उतरू शकतं, म्हणून सकाळी ते मिनिटभर वाहू द्या आणि भांडी घासायला वापरा. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी (पीएचई) विभागाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. धातूंच्या तपासणीची बाटली त्यांच्याकडूनच आणा. तिच्यात आम्ल घातलेलं असू शकतं, म्हणून ती विसळू नका. अहवालात शिसं, आर्सेनिक, क्रोमियम वेगवेगळे मागा. मग कोणती गाळणी घ्यायची ते ठरवा, आणि गाळणीतलं खनिज भरलं की वेळेवर बदला. वापरलेलं खनिज मात्र तुळशीच्या कुंडीत टाकू नका, त्यात तुमच्या पाण्यातलं शिसं आहे.