तारामती आणि लेखणी



राजा हरिश्चंद्राची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस आपल्या वऱ्हाडात सापडणे कठीण. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी या गोष्टीवर मूकपट काढला, तेव्हा त्यांना तारामती मिळेना. पडद्यावर यायला बाई तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडे नेसून ती भूमिका केली. पुढे एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, कोल्हापूरच्या 'प्रभात'ने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. त्यातली तारामती मात्र खरीखुरी स्त्री होती, आणि तीही मुंबईच्या लाड घराण्यातली, सॉलिसिटरची मुलगी, कॉलेजात शिकलेली. त्या दुर्गाबाई खोटे.

आता तुम्ही विचाराल, अशा घरची बाई सिनेमात गेली कशी? हौस म्हणून नव्हे. संसारावर पैशाची तंगी आली होती, दोन मुलगे लहान होते. 'प्रभात'मध्ये येण्यापूर्वी एका चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले, तर केवढा गहजब झाला! दुसरी एखादी बाई घरी बसली असती. दुर्गाबाई बसल्या नाहीत. 'अमरज्योती'त (१९३६) अन्यायाने पेटून उठलेली समुद्रावरची बंडखोर बाई त्यांनी उभी केली. 'मुगल-ए-आझम'मध्ये (१९६०) नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये चिरडणारी जोधाबाई झाल्या. १९३७ साली 'साथी' नावाच्या चित्रपटाची निर्मितीही केली. पडद्यावर एवढे नाव झाले, तरी रंगभूमी त्यांनी सोडली नाही. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' लिहिले, त्यात १९५४ साली त्या नानासाहेब फाटकांसमोर उभ्या राहिल्या. १९६१ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. १९८३ सालचा फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती मिळत नव्हती, त्यांच्याच नावाचा हा मान!

पण मला आज बोलायचे आहे ते त्यांच्या लेखणीविषयी. १९८२ साली त्यांचे 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र निघाले. नावातला तो 'मी' पहा. नटीविषयी बोलायला सारा गाव असतो. पारावर, चहाच्या हॉटेलात, वर्तमानपत्रात. तिचे स्वतःचे म्हणणे मात्र कोणी विचारीत नाही. बाई लिहू लागली, की मग आपल्या आयुष्याची साक्ष ती स्वतः देते.

त्याआधी १९७० साली हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' आले होते. हंसाबाईंनी हकीकत सांगितली, अरुण साधूंनी ती लिहून घेतली. दोघींच्या वाटा निराळ्या. दुर्गाबाईंच्या पाठीशी माहेरचे संस्कार आणि शिक्षण होते. हंसाबाईंना लहानपणीच कमावत्या पोरीचे जू मानेवर घ्यावे लागले. म्हणून एकीने स्वतः लिहिले, दुसरीने सांगितले. पण आपले दुःख आणि आपल्या चुका झाकून ठेवायच्या नाहीत, हे धैर्य हंसाबाईंकडे तसूभरही कमी नव्हते. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्या हकीकतीच्या आधारे 'भूमिका' हा चित्रपट काढला.

सांगून लिहविलेले ते कमी प्रतीचे, असे कोणी समजू नये. आपल्या तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज दृष्टिहीन होते. त्यांचे ग्रंथ असेच सांगून लिहविले गेले. सांगणाराजवळ सत्य हवे, आणि लिहिणाराजवळ ते न बदलण्याचा प्रामाणिकपणा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गातल्या मुलींना एक काम देऊन पहा. आजीजवळ बसा म्हणावे, तिचे लग्न, तिची निंदणी-वेचणी, तिचा दुष्काळ तिच्याच वऱ्हाडी बोलीत लिहून आणा. 'आमच्या आजीला काय सांगता येते?' असे घरचे म्हणतील. म्हणू द्या. एकदा सांगू लागली म्हणजे वही पुरणार नाही.

दुर्गाबाई १९९१ साली गेल्या. त्यांची तारामती ज्यांनी थिएटरात पाहिली, ती पिढीही सरली. पण पुस्तक उघडले, की 'मी' म्हणून ती बाई आजही आपल्याशी बोलते.