हत्याराची मूठ



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने वेतनमान, बोनस आणि महागाई भत्ता ह्यांवर बोलावे, अशी रीत आहे. आज आम्ही संगणकावर मजकूर लिहिण्याच्या एका साधनाविषयी आणि त्या साधनाच्या भाषेविषयी बोलणार आहोत. सुतार रंध्याचे पाते आपल्या हाताच्या जोराप्रमाणे बसवून घेतो. शिंपी यंत्रापुढची बैठक आपल्या उंचीप्रमाणे करतो. खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो, ती आपल्या हाताशी जुळलेली असतात म्हणून. मग दिवसाचे आठ तास माणसे ज्या पडद्यासमोर बसतात, त्याची मूठ कोणाच्या हातात असावी, हा प्रश्न आमच्या चळवळीचा नाही, असे कोण म्हणेल?

ह्या साधनाचे नाव ईमॅक्स. १९७६ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ह्यांनी ‘टेको’ नावाच्या जुन्या संपादकावर आज्ञांचा संच रचला, त्यातून ते जन्मले. आज वापरात आहे ते ग्नू ईमॅक्स. ते स्टॉलमन ह्यांनी १९८५ साली लोकांपुढे ठेवले. त्याचा गाभा सी भाषेत आहे, पण बहुतेक सारा संसार लिस्प भाषेत लिहिलेला आहे. लिस्प ही जॉन मॅकार्थी ह्यांनी १९५८ साली रचायला घेतलेली भाषा. यंत्राच्या जगात ती आजीच म्हणावी. पण ह्या आजीचे दार सर्वांना उघडे आहे.

ते किती उघडे आहे, ह्याची एक हकीकत स्टॉलमन ह्यांनी २००२ सालच्या एका व्याख्यानात सांगितली आहे. १९७८ च्या सुमारास बर्नार्ड ग्रीनबर्ग ह्यांनी मल्टिक्स नावाच्या यंत्रणेसाठी लिस्पमध्ये ईमॅक्स लिहिले. त्यात नव्या आज्ञा घालणे इतके सोपे होते की, कार्यालयातल्या सेक्रेटरीही ते शिकू लागल्या. त्यांच्या हाती एक मार्गदर्शिका होती. तिच्यात साधनात भर कशी घालावी ते होते. ‘ह्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात’ एवढेच लिहिलेले नव्हते! प्रोग्रॅमिंग आपल्याला जमणार नाही, अशी ज्यांची समजूत करून दिलेली होती, त्या त्याच कामात तरबेज होऊ लागल्या. श्रोतेहो, कामगाराला अडवणारी भिंत पुष्कळदा विद्येची नसते, तिच्यावर लावलेल्या पाटीची असते.

आता दर्शनी भागाकडे वळू. ईमॅक्समध्ये अक्षराच्या रूपाला ‘फेस’, म्हणजे चेहरा, म्हणतात. टिपणाचा चेहरा वेगळा, अवतरणातल्या मजकुराचा वेगळा, भाषेच्या खास शब्दांचा वेगळा. सर्वांच्या तळाशी ‘डिफॉल्ट’ नावाचा मूळ चेहरा असतो. इतरांना स्वतःचे काही सांगितलेले नसेल, तर ते त्याच्याकडून घेतात. म्हणून अक्षर मोठे करायचे, तर शंभर ठिकाणी हात घालू नये. मुळाला पाणी घालावे. त्याची उंची पॉइंटाच्या दहाव्या हिश्श्यात लिहितात. १४० लिहिले की १४ पॉइंटांचे अक्षर मिळते. छापखान्यातल्या कंपॉझिटर बंधूंना हे माप समजावून सांगायला नको.

रंगांच्या तयार जुळण्यांना ‘थीम’ म्हणतात. एक थीम चालू असताना दुसरी लावली, तर पहिली आपोआप उतरत नाही. एका अंगरख्यावर दुसरा चढावा, तशी ती वर बसते आणि खालचे रंग मधूनमधून डोकावतात. आधी जुनी उतरवावी, मग नवी चढवावी. २०२२ साली निघालेल्या २८ व्या आवृत्तीपासून ईमॅक्सबरोबरच ‘मोडस’ नावाच्या थीम मिळतात. अक्षर आणि पार्श्वभूमी ह्यांच्या उजेडात निदान सातास एक एवढे अंतर राहावे, हा त्यांचा दंडक आहे. ज्यांचे डोळे थकले आहेत, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आपल्या देवनागरीसाठी निराळा टंक नेमता येतो. रोमन अक्षरे एका टंकात, देवनागरी दुसऱ्यात, आणि दोन्ही शेजारी बसली असता एक राक्षस व दुसरे बटू दिसू नये म्हणून त्यांचे प्रमाणही जुळवता येते. ओळींमधली जागा थोडी वाढवली की मात्रा आणि उकार मोकळा श्वास घेतात.

हे सारे सांगायचे लिस्पमध्ये. तिची वाक्यरचना एकच: कंस उघडा, आधी काम सांगा, मग ज्यांवर काम करायचे ते सांगा, कंस मिटा. (+ 2 3) म्हणजे दोन आणि तीन ह्यांची बेरीज. मिटत्या कंसानंतर कर्सर ठेवून कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-ई दाबावे. खाली पाच उमटतात. एवढ्यात पहिला धडा झाला.

पण भाषा येणे वेगळे आणि तिचे वळण येणे वेगळे. लिस्पचे वळण काय? मिटते कंस एकेका ओळीवर मांडून ठेवू नयेत, शेवटी एकत्र मिटावेत. कंस मोजण्याचे काम यंत्राचे. माणसाने समास पाहून वाचावे. जिथे ‘तसे असेल तर’ एवढेच म्हणायचे आहे आणि ‘नाही तर’ ह्याला जागा नाही, तिथे ‘इफ’ न लिहिता ‘व्हेन’ लिहावे, म्हणजे वाचणारा दुसऱ्या फांदीची वाट पाहत बसत नाही. घटकाभर लागणारी किंमत ‘सेटक्यू’ने चव्हाट्यावर ठेवू नये, ‘लेट’च्या कंसात ठेवावी, कंस मिटला की ती निघून जाते. प्रवासखर्चाची उचल संघाच्या कायम निधीत मिसळू नये, तसेच हे आहे.

आणखी एक नियम आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. अमुक प्रसंग आला की अमुक काम कर, असे सांगण्याच्या जागेला ‘हुक’ म्हणतात. तिथे निनावी ‘लॅम्डा’ अडकवण्याऐवजी नाव दिलेले फंक्शन अडकवावे. नाव असले म्हणजे पुढे त्याला नावाने हाक मारून काढून घेता येते. निनावीला शोधायचे कसे? ज्याला जबाबदारी द्यायची, त्याचे नाव सभेच्या इतिवृत्तात असावे, हा आमच्या संघटनेतलाही जुनाच नियम आहे.

कोणी म्हणेल, रंग आणि कंस ह्यांत कामगाराचे असे काय अडले आहे? ऐका. एका कार्यालयात हिशेबाची नवी संगणकयंत्रणा आली. करड्या पार्श्वभूमीवर करडी, बारीक अक्षरे. ती मोठी करण्याची सोय नाही. तीस वर्षे चोख काम केलेले एक हिशेबनीस तिथे होते. डोळे दमत, आकडे पुन्हापुन्हा ताडून पाहावे लागत. अहवालात त्यांच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा पडू लागला. आम्ही अक्षर मोठे करण्याची मागणी लेखी दिली. व्यवस्थापनाचे उत्तर आले की, ते आमच्याही हाती नाही. यंत्रणा पुरवणाऱ्याने तशी तजवीज ठेवलेली नाही. त्या गृहस्थांनी मुदतीआधीच निवृत्ती पत्करली. जे ईमॅक्समध्ये एका ओळीने झाले असते, त्यावाचून एका माणसाची नोकरी गेली. आणि त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांपैकी एकाच्याही हातात किल्ली नव्हती!

ग्नू ईमॅक्सची किल्ली वापरणाऱ्याच्या हाती आहे. त्याचा परवाना सांगतो: वापरा, आत उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. प्रत्येक आज्ञेला ‘तू काय करतेस?’ असे विचारता येते आणि ती उत्तर देते. प्रोग्रॅमर नसलेल्यांसाठी रॉबर्ट चॅसेल ह्यांनी लिहिलेले लिस्पचे पुस्तकही त्याच्याबरोबर मिळते. शाळा सुटलेल्या माणसाला ह्याहून चांगला गुरू कोणता?

मात्र दोन इशारे देतो. दुसऱ्याची मांडणी न वाचता उचलून आणू नका. उसन्या चष्म्याने डोकेच दुखते. आणि रात्र रात्र रंग बदलत बसू नका. धार लावण्यातच दिवस गेला, तर लाकूड तासायचे केव्हा?

प्रत्येकाने ईमॅक्स शिकावे, असा आमचा आग्रह नाही. पण येथे बसलेल्यांपैकी जे कार्यालये चालवतात, त्यांनी यंत्रणा विकत घेताना किंमतीआधी एक प्रश्न विचारावा: जो माणूस हिच्यासमोर बसणार, त्याला ही आपल्या डोळ्यांप्रमाणे बदलता येईल काय? आणि जे कामगार आहेत, त्यांनी पुढच्या मागणीपत्रात ह्याच प्रश्नाचे एक कलम घालावे.