सिस्टरच्या वहीत काय लिहिलंय?



बक्षिसं आणि नाचगाणी यांच्या मध्ये उभा राहिलेला पाहुणा लवकर आटपला तरच आवडतो, म्हणून एकाच विषयावर बोलतो. या मंडपातल्या कितीतरी घरांचा पगार तारापूर एमआयडीसीतून येतो. तिथल्या मोठ्या कारखान्यांत गेटच्या आत एक खोली असते, दारावर ‘ओएचसी’, म्हणजे व्यवसाय-आरोग्य केंद्र, असं लिहिलेली. आत एक खाट, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि एक सिस्टर. कापलेल्या बोटाला पट्टी बांधणारी, डोकं दुखलं तर गोळी देणारी बाई, एवढीच तिची ओळख. मला वाटतं, पट्टी हे तिचं सर्वांत किरकोळ काम आहे. तिचं खरं काम तिच्या वहीत आहे.

रंग-रसायनांच्या कारखान्यात वापरलं जाणारं अॅनिलिन घ्या. ते कातडीतूनही अंगात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. कामगाराला सुरुवातीला जाणवतं ते फक्त डोकं जड झाल्याचं. गोळी देऊन परत पाठवलं तर तो त्याच भिजलेल्या कपड्यांत पुन्हा प्लांटवर जातो. त्याची नखं आणि ओठ निळसर दिसले की जाणती सिस्टर आधी कपडे उतरवून अंग धुवायला लावते, मग डॉक्टरांना बोलावते आणि त्याच पाळीत त्याच जागी आणखी कोण होतं ते विचारते. कापूस पिंजण्या-कातण्याच्या खात्यात धुळीमुळे साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीला छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत सैलावते. एकट्या माणसाला तो सुट्टीचा आळस वाटतो. वहीत महिनोन्महिने तीच नावं त्याच वारी दिसली, की बायसिनोसिसची शंका येते. आणि तो कायद्याच्या यादीतला, कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. डॉक्टर अनेक ठिकाणी ठरल्या वेळीच येतात. रोजच्या रोज माणसं बघते ती सिस्टर. इंग्लंडात नॉर्विचच्या मोहरीच्या कारखान्याने 1878 मध्ये फिलिपा फ्लॉवरडे या परिचारिकेला नेमलं, तेव्हा ती दुपारी आजारी कामगारांच्या घरीही जात असे. आपल्याकडे या कामाला कायद्याचा भक्कम आधार भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, कारखाने अधिनियमाच्या 1987 च्या दुरुस्तीने मिळाला. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर किमान वर्षातून एकदा तपासणी, आणि त्याच्या आरोग्याची नोंद त्याला पाहता येणं, हे तेव्हापासून मालकाचं कर्तव्य झालं.

यावर कुणी म्हणेल, ऑगस्ट 2025 मध्ये इथे नायट्रोजनच्या गळतीत चार कामगार गेले, तिथे नर्स काय करणार होती? गळती थांबवणं हे तिचं काम नाही, ते यंत्रांची देखभाल करणाऱ्यांचं. पण नायट्रोजनला वास नसतो, गुदमरल्याची जाणीवही होत नाही आणि वाचवायला धावणाराही आत कोसळतो. हे नव्या कामगाराला, तो वारली पाड्यावरून आलेला असो की बिहारमधून, त्याला कळेल अशा बोलीत पहिल्याच दिवशी सांगायची सर्वांत सोपी जागा तपासणीची खोली आहे. वेलनेसच्या नावाखाली वर्षातून एकदा योग आणि केक करणाऱ्या कंपन्यांनी तेवढा वेळ इथे दिला तरी पुष्कळ.

खर्चाचा आक्षेप जास्त खरा आहे. तीस-चाळीस माणसांच्या युनिटला स्वतःची नर्स परवडत नाही. पण स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रही सगळ्यांना परवडत नव्हतं, म्हणूनच वसाहतीत सामाईक केंद्र उभं राहिलं. पाणी एकत्र शुद्ध करता येतं, तर शेजारच्या दहा युनिटांनी मिळून एक नर्स का ठेवू नये? कामगारांच्या प्रकृतीपेक्षा नाल्याची काळजी आधी घेतली गेली.

सर्वांत अवघड प्रश्न विश्वासाचा. पगार मालकाचा, मग सिस्टर कुणाची? कंत्राटी कामगार खोकला लपवतो, कारण नोंद झाली की ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल, ही भीती त्याला असते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. व्यवसाय-आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची आचारसंहिता याबाबत स्पष्ट आहे: मालकाला कळवायचं ते एवढंच, की हा माणूस या कामाला योग्य आहे की नाही, आणि काय काळजी घ्यावी. आजाराचं नाव कळवायचं नाही. हा नियम पाळायचा तर वहीच्या कपाटाची किल्ली एचआरकडे नव्हे, सिस्टरकडे हवी. नसेल तर त्या खोलीत फक्त बोटं कापलेलेच येतील.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काही जणी, काही जणही, नर्सिंगला जातील. हॉस्पिटलइतकीच ही खोलीही तुमची आहे, हे लक्षात ठेवा. आणि आज घरी गेल्यावर आईला, वडिलांना, पाळीवरून येणाऱ्या दादाला एवढं विचारा: कंपनीत शेवटची तपासणी कधी झाली, आणि तिचा रिपोर्ट कुठे आहे? नसेल, तर उद्या मागून घ्यायला सांगा.