दुकानाचें नांव आणि रोमन अक्षरें

चंदनसारच्या एखाद्या गृहिणीनें वसईचीं सुकेळीं विकण्यासाठीं फेसबुकवर दुकान थाटलें, तर त्याचा पत्ता रोमन अक्षरांतच घ्यावा लागतो. पसंतीचे पत्ते तेथें २००९ सालीं खुले झाले. आतां 'सुकेळी'च्या शेवटीं 'आय' लावावा कीं दोन 'ई'? 'चंदनसार'मध्यें 'ए' किती? गिऱ्हाईक चुकतें तें येथेंच! शिवाय फेसबुक टिंबांचा भेद मानीत नाहीं, इन्स्टाग्राम मानतें. तेव्हां टिंबें नकोतच. नांव शेजारणीला तोंडी सांगावें. तिनें कांहीं न विचारतां बरोबर लिहिलें, तर तें घ्यावें. मात्र ही परीक्षा वेष्टनें छापण्याआधीं व्हावी. मागाहून पत्ता बदलला, तर छापलेलीं वेष्टनें गिऱ्हाइकाला भलतीकडेच धाडतील.