भाजी वाढवा, पण बांधाच्या आत

(माघ महिन्यात जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बैठकीत झालेलं बोलणं. बोललं तसं छापलं आहे.)



बरेच जण दिवाळीनंतरच वीटभट्टीवर गेले. जे मागे राहिलेत त्यांच्यासाठी बोलते. भात झोडून झालं, वाल शेंगेला आलाय, थंडी सरतेय. भाजीचा तुकडा वाढवायचा तर हीच वेळ.

आधी पाणी बघा. ओहोळातलं डबकं कधी आटतं ते तुमच्या सासूला ठाऊक असतं, तिला विचारा. शिमग्यालाच आटत असेल तर मेथी, मुळा, माठ एवढंच करा. वैशाखापर्यंत टिकत असेल तरच काकडी, कारली, दुधी लावा.

वेलासाठी सगळी जमीन खणायची गरज नाही. हातभर रुंद, हातभर खोल आळं करा. चार दिवस ऊन खाऊ द्या. मग शेणखत आणि माती मिसळून भरा. कारल्याचं बी कडक असतं, ते रात्रभर भिजवा. पहाटेचा गारठा उतरल्याशिवाय बी टाकू नका, कुजतं. आळ्यात चार बिया टाका, उगवल्यावर दोन ठेवून बाकीची उपटा. जीव होत नाही, माझा पण होत नाही, पण उपटा. पातेरा सगळा जाळू नका. राबाला लागेल तेवढा ठेवा, बाकीचा आळ्यावर पसरा. ओल धरतो, हंडे कमी लागतात. हंडे कोण आणतं ते इथल्या पुरुषांना सांगायला नको.

आता वाढवायचं कुठे? मागच्या साली आमच्या इथे एकाने बांधापलीकडची झुडपं तोडून चार वाफे केले. चारच. लगेच पंचनामा झाला आणि त्याच्या जुन्या प्लॉटलाही 'नवीन अतिक्रमण' म्हणायला लागले. कायद्यात तारीख आहे १३ डिसेंबर २००५. त्याच्या आधीपासून जेवढी कसता तेवढीच मिळणार, ती पण ४ हेक्टरपर्यंत. म्हणून वाढवायचं ते बांधाच्या आत. खाचराचा कोपरा आहे, झोपडीमागची जागा आहे, वरकसाचा पडीक तुकडा आहे.

दुसरं, वाफ्याला जागा हवी म्हणून जुना बांध फोडू नका. तो बांध, सपाट केलेली जमीन, झोपडी हे सगळं २००८ च्या नियमात पुरावा म्हणून लिहिलेलं आहे. एकच पुरावा पुरत नाही, म्हणून पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाबही लिहून घ्या. ती आहेत तोवर घ्या. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणी उठवायला आलं तर उठू नका, उठवता येत नाही.

बायांनो, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असं कायदाच सांगतो. भाजी तुम्ही करता, पाणी तुम्ही वाहता. अर्जावर तुमचं नाव आहे का, आज घरी जाऊन बघा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.

पुढच्या बैठकीला अर्जाची नक्कल आणा. मिरची-वांग्याची रोपं कोणाकडे जास्त असतील तर ती पण आणा, वाटून घेऊ.