आकडा पडद्यावर उमटतो तेव्हा



ज्या गणितशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आवडला असता असा एक लहानसा प्रश्न मी आज निवडला आहे. मुले अर्डुइनोला तापमापक जोडतात आणि संगणकाच्या पडद्यावर २७.३४ असा आकडा उमटतो. तो तेथे येतो कसा, आणि त्याच्यावर विश्वास किती ठेवावा?

अर्डुइनो उनोवरील ॲटमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर आठ बिटांचा. कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. अपूर्णांकांचे गणित करणारे स्वतंत्र अंग त्याला नाही; ते सारे पूर्णांकांच्या क्रियांतून सॉफ्टवेअरने घडवावे लागते. ज्या संख्येतील बिंदू सरकता असतो, तिला फ्लोटिंग पॉइंट संख्या म्हणतात. १९८५ च्या आय-ट्रिपल-ई ७५४ या मानकानुसार तिचे ३२ बिट असे वाटलेले असतात : एक चिन्हाला, आठ घातांकाला, तेवीस अपूर्णांकाला. दशमान पद्धतीत हा ऐवज साधारण सात अंकांचा भरतो.

आपल्या आजोबांनी पाठ केलेली पावकी आणि निमकी या यंत्राला फार सोयीची आहे. पाव, अर्धा, पाऊण या किमती द्विमान पद्धतीत तंतोतंत बसतात. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, हा हिशेबही तसाच बिनचूक बसला असता. १९५७ साली आपण दशमान नाणी स्वीकारली. व्यवहार सोपा झाला, परंतु रुपयाचा दहावा भाग द्विमानात कधीच पूर्ण लिहिता येत नाही. एकतृतीयांशाचे ०.३३३… जसे संपत नाही, तसेच हे. म्हणून ०.१ साठविले की स्मृतीत प्रत्यक्षात सुमारे ०.१०००००००१५ एवढे राहते.

आता छपाई. सिरियल तारेवरून संख्या जात नाही, अक्षरे जातात. प्रत्येक अंकचिन्हाचा वेगळा संकेत पाठवावा लागतो. अर्डुइनोची रीत आपल्या भागाकारासारखीच आहे. दोन स्थळे हवी असतील तर आधी ०.००५ मिळवायचे, पूर्णांक वेगळा काढून छापायचा, मग बिंदू. उरलेल्या भागाला दहाने गुणायचे, पुढे आलेला अंक छापायचा, आणि पुन्हा बाकीला दहाने गुणायचे. ९६०० च्या वेगाने एका अक्षराला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. सी भाषेतील परिचित एसप्रिंटएफ मात्र येथे अपूर्णांकाच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह देते. पुष्कळांना हा दोष वाटतो. ती वस्तुतः काटकसर आहे. अपूर्णांक छापणारा भाग जागा फार खातो, म्हणून तो मागितल्याशिवाय जोडला जात नाही.

ही अडचण टाळण्यासाठी विद्यार्थी पूर्णांक आणि शतांश वेगवेगळे छापतात. मार्ग उत्तम आहे, पण खाचखळगे पाहा. ३.०५ मधील शतांश पाच. मधले शून्य न छापल्यास पडद्यावर ३.५ येते. उणे ०.५० चा पूर्णांक शून्य, आणि पूर्णांकातल्या शून्याला उणे चिन्ह नसते. थंडीचे तापमान मुकाट्याने उबेचे होते. ९.९९६ चे शतांश जवळच्या पूर्णांकात आणले की शंभर होतात. हातचा पुढे नेला नाही तर ९.१०० असा चमत्कारिक आकडा छापला जातो. हातचा विसरू नका, हे सांगणारे शिक्षक येथे हवे होते. उपाय एवढाच की आधी सगळी संख्या शतांशांत करून घ्यावी, चिन्ह बाजूला काढावे, आणि मग भागाकार-बाकी करावी.

मोठ्या संगणकांसाठी गाय स्टील व जॉन व्हाइट यांनी १९९० मध्ये वेगळाच प्रश्न सोडवला : कमीत कमी किती अंक छापले म्हणजे ते परत वाचताना तीच संख्या मिळेल? ३२ बिटांना नऊ सार्थ अंक नेहमी पुरतात. तो विषय सुंदर आहे, पण आपल्या तापमापकाची अडचण दुसरीच आहे.

एलएम३५ हा संवेदक दर अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट देतो. अर्डुइनो ५ व्होल्टांचे १०२४ भाग करतो. एक भाग ४.८८ मिलिव्होल्टांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाचा. मोजणी ५६ आली की पडद्यावर २७.३४ येते, ५७ आली की २७.८३. या दोहोंमधले एकही तापमान या जुळणीला दिसत नाही. शिवाय संवेदकाची स्वतःची चूक आहेच. तरीही वहीत मुले २७.३४ लिहितात, कारण छापणाऱ्या आज्ञेने न सांगता दोन स्थळे दिलेली असतात. छपाईची चूक सापडते. हा खोटा नेमकेपणा सापडत नाही, म्हणून मला तो अधिक घातक वाटतो.

प्रयोगशाळेतील शिक्षकांना माझी विनंती आहे की अंशांच्या शेजारी मूळ मोजणीही छापावी. मग संवेदकावर बोट ठेवून मुलांना पडदा पाहू द्यावा. एका स्तंभात २७.३४, २७.८३, २८.३२ अशी भारदस्त चढण दिसेल, आणि शेजारी केवळ ५६, ५७, ५८.