वैमानिक आणि लिफ्टमन
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

लढाऊ वैमानिक म्हटला की त्याने पाडलेल्या विमानांची मोजदाद सुरू होते. यूजीन बुलार्ड यांच्या नावावर अधिकृतपणे एकही विमान नाही. तरीही आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे, कारण त्यांच्या आयुष्याने लोकशाहीला एक अवघड प्रश्न विचारला आहे.

१८९५ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका कृष्णवर्णीय मजुराच्या घरी ते जन्मले. जमावाने काळ्या माणसांना फासावर लटकवावे आणि कायद्याने डोळेझाक करावी, असा तो काळ होता. पोरवयातच त्यांनी घर सोडले आणि १९१२ मध्ये जहाजात लपून स्कॉटलंड गाठले. मुष्टियुद्धावर पोट भरीत ते पॅरिसला आले. १९१४ मध्ये ते फ्रान्सच्या परदेशी पलटणीत दाखल झाले. १९१६ च्या व्हर्दंच्या रणसंग्रामात मांडीला गंभीर जखम झाल्यावर त्यांनी विमानविद्येची वाट धरली. मे १९१७ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला आणि ऑगस्टपासून ते आघाडीवर स्पॅड विमान चालवू लागले.

त्याच वर्षी लोकशाहीच्या रक्षणाची घोषणा करीत अमेरिका युद्धात उतरली. फ्रान्सच्या सेवेतील अमेरिकन वैमानिकांना ती आपल्या दलात घेऊ लागली. बुलार्ड यांनीही अर्ज केला. परंतु ते दल केवळ गोऱ्यांसाठी होते. पुढे फ्रान्सनेही त्यांना पुन्हा पायदळात धाडले.

१९४० मध्ये नाझी फौजा फ्रान्समध्ये शिरल्या, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या या माणसाने पुन्हा बंदूक उचलली. जखमी अवस्थेत ते न्यूयॉर्कला परतले. १९४९ मध्ये पीक्सकिल येथे पॉल रोबसन यांच्या गायनाच्या कार्यक्रमाच्या वेळी जमावाने आणि पोलिसांनी त्यांना बेदम मारले. त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. शिक्षा मात्र कोणालाही झाली नाही.

१९५९ मध्ये फ्रान्सने त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सर्वोच्च सन्मान दिला. त्या वेळी ते रॉकफेलर सेंटरमध्ये लिफ्टमन होते. त्या लिफ्टमधून रोज वरखाली करणाऱ्यांना आपल्याला कोण नेतो आहे याची कल्पना नव्हती. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या वायुदलाने त्यांना अधिकारपद दिले ते १९९४ मध्ये, मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी!

मित्रहो, मृताचा गौरव करणे सोपे असते; त्याला जागा द्यावी लागत नाही. समतेची परीक्षा होते ती जिवंत माणूस दाराशी उभा असताना. आपल्या सभांत सतरंज्या कोण उचलतो आणि व्यासपीठावर कोण बसतो, हे आपणही एकदा तपासून पाहू या.